आता कुणाचा सीझन?

"मी एकेचाळीस वर्षांची, नौपाड्यात राहते, ऐरोलीला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. मला सतत कुणीतरी भारी वाटत असतं आणि मग मी त्या माणसासारखी व्हायला लागते. कॉलेजात अकाउंटन्सीचे सर होते, त्यांचं तिरकं अक्षर उचललं, अजून तसंच काढते. पहिल्या नोकरीतल्या मॅडमचे केस आखूड होते, म्हणून मीही कापले. आता वरच्या मजल्यावरच्या वहिनी. त्या हातमागाच्या साड्या नेसतात, पहाटे उपवनला चालायला जातात, पेटी वाजवतात. मी साड्या घेतल्या, आठवडाभर उपवनला गेले, पेटी विकत आणली, दोन महिन्यांत क्लास सोडला. नवरा विचारतो, 'आता कुणाचा सीझन?' ते मी हसण्यावारी नेते. पण परवा दहावीतली लेक म्हणाली, 'आई, यात तुझं स्वतःचं काय आहे?' तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. मला स्वतःचा स्वभावच नाही का? वहिनींबद्दल वाटतं ते कौतुक की जळफळाट, तेही कळत नाही. आणि या वयात हे शोधून तरी काय उपयोग?"
– 'उसनी', ठाणे पश्चिम

प्रिय 'उसनी',

वर छापलंय ते तुमच्या पत्राचं सार. मूळ पत्र चार पानी, हातानं लिहिलेलं, आणि अक्षर खरोखरच तिरकं आणि देखणं आहे. बाकीच्या पानांतलंही थोडं इथे घेते आहे. काळजी करू नका, तुम्ही कोण ते कुणाला कळायचं नाही. नौपाड्यात पुनर्विकासाच्या सभा चाललेल्या जुन्या इमारती किती, आणि त्यांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनी किती!

आधी मला खटकलं ते सांगते. तुम्ही उचललंत काय, तर अक्षर, केस, साड्या, पेटी. पण ही माणसं भारी का वाटली हे लिहायची वेळ आली तेव्हा साडीचा काठसुद्धा कुठे आला नाही. वहिनींबद्दल दीड पान आहे आणि त्यातलं बहुतेक सगळं एका सभेवर खर्ची पडलंय.

ती सभा वाचकांनाही सांगायला हवी. गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बिल्डरचा माणूस लॅपटॉप उघडून बसलेला, सगळ्यांचे कान एकाच गोष्टीकडे लागलेले: कार्पेट एरिया किती वाढवून मिळणार. (ठाण्यात हल्ली स्थळ बघतानासुद्धा पत्रिकेच्या आधी हा आकडा विचारत असतील.) आणि मध्येच वहिनी उठल्या. "ते होईल हो सगळं. आधी आपल्या सिंकिंग फंडाची एफडी कुठल्या बँकेत आहे ते सांगा, आणि पावती दाखवा." ज्यांचा सोसायटीशी संबंध मेंटेनन्सच्या बिलापुरताच येतो त्यांच्यासाठी: बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के या दरानं सभासदांकडून हे पैसे घ्यायचे आणि मोठ्या डागडुजीसाठी, पुनर्बांधणीसाठी गुंतवून ठेवायचे असतात. प्रश्न रास्तच होता. पण सेक्रेटरींच्या कपाळावर आठ्या चढल्या, मागून कुणीतरी "झालं यांचं सुरू" म्हणालं, बिल्डरच्या माणसानं लॅपटॉप अर्धा मिटला. तुम्ही पुढे लिहिलंय, "त्यांच्या हातातला कागद थरथरत होता. पण पावती मिळेपर्यंत त्या खाली बसल्या नाहीत."

त्या गच्चीवर अख्खी सोसायटी जमली होती. कुणाला आगाऊ बाई दिसली असेल, कुणाला जुळत आलेल्या व्यवहारात मोडता घालणारी, कुणाला नुसताच लांबलेला चहा. थरथरणारा कागद तुम्हाला दिसला.

आता सरांचं पान. भागीदारीच्या हिशेबात गुडविलचं गणित चाललेलं, एका मुलानं शंका काढली, आणि सर चारचौघांत म्हणाले, "मला आत्ता सांगता येत नाही, उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायच्या आधी त्यांनी फळ्यावर ते सोडवलं आणि "काल माझ्याकडून चूक झाली होती" असं मोठ्यानं सांगितलं. तुम्ही लिहिलंय, कान लाल झाले होते त्यांचे. मॅडमचं पान: परदेशातला ग्राहक फोनवर, सगळी टीम होकार द्यायला टपलेली. मॅडमनी ग्लासभर पाणी प्यायलं आणि म्हणाल्या, "ही तारीख आम्हाला जमणार नाही." इथे तुम्हाला पाण्याचा ग्लास लक्षात राहिला.

आणि त्याच्याही मागे जायचं तर सातवीतलं स्नेहसंमेलन. तुम्ही आनंदीबाई जोशी झाला होतात. आनंदीबाईंच्या आयुष्यात लक्षात राहण्यासारखं काय कमी आहे? १८६५चा कल्याणचा जन्म, नवव्या वर्षी लग्न, गेलेलं मूल, बोटीचा प्रवास, १८८६ साली फिलाडेल्फियात मिळालेली डॉक्टरकी, आणि वर्षभराच्या आत पुण्यात मृत्यू, बाविशीही न गाठता. बहुतेकांना त्यांचं अकाली जाणं आठवतं, नाहीतर गोपाळरावांचा हट्ट. तुम्हाला आठवतं ते फेब्रुवारी १८८३ मधलं बंगालातल्या सेरामपूरचं भाषण. अमेरिकेला का जायचं, इथे राहून का शिकता येत नाही, लोक रस्त्यात कसा त्रास देतात, हे सतरा वर्षांच्या मुलीनं भरसभेत उभं राहून सांगितलं, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, हेही. एवढ्या मोठ्या चरित्रातून तुम्ही नेमका तेवढाच तुकडा इतकी वर्षं जपून ठेवलात.

म्हणजे सातवीपासून एकेचाळिशीपर्यंत तुम्हाला एकाच जातीचं माणूस भावत आलंय: पोटात गोळा आलेला असताना चारचौघांत खरं ते बोलणारं. निर्भीड माणसाचं तुम्हाला फारसं काही वाटत नाही. तिसऱ्या पानावर ऑफिसातल्या एका गृहस्थांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, "तो कुणालाही काहीही बोलतो, पण त्याचं मला कधी अप्रूप वाटलं नाही." का वाटावं? त्याच्या हातातला कागद थरथरतच नाही. तुम्ही विचारता, मला स्वतःचा स्वभाव नाही का. अहो, इतका चिवट, इतक्या वर्षांत जागचा न हललेला स्वभाव मी क्वचित पाहिलाय.

दत्तगुरूंचे चोवीस गुरू आपल्याकडे लहानपणीच कानावर पडतात. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदू राजाला ते एकेक करून सांगतो: पृथ्वी, वारा, अजगर, समुद्र, मधमाशी, बाण करणारा कारागीर. ही गोष्ट आपण 'ज्ञान कुठूनही घ्यावं' अशी सांगून मोकळे होतो. मला त्यात दुसरंच काही दिसतं. कबुतराची जोडी जाळ्यात अडकलेल्या पिलांसाठी स्वतःही जाळ्यात उडी घेते. ते पाहून एखाद्या आईला माया दिसली असती. अवधूताला पाश दिसला. कांडण करणाऱ्या मुलीच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तिनं एकेक उतरवली, शेवटी एकेकच राहिली. घरच्या गरिबीची लाज झाकणारी पोर त्यात सहज दिसली असती. अवधूताला दिसलं की एकट्यानं असावं, दोघं जमले की कलकल होते. ती चोवीस जणांची यादी म्हणजे खरं तर एका विरक्त माणसाचं चित्र आहे. कबुतराला काय ठाऊक आपण कुणाचे गुरू आहोत ते! तुमच्याही यादीकडे मी तशीच पाहते आहे, आणि तिच्यात वहिनींपेक्षा तुम्हीच जास्त दिसता.

एक इशारा द्यायला हवा. हे सगळ्याच आवडत्या माणसांना लागू होईल असं समजू नका. पडद्यावरचा नट, टीव्हीवरचा नेता, मोबाइलवर रोज पहाटे पाच वाजता उठून दाखवणारी ती चकचकीत मंडळी, यांच्याबद्दल आपल्याला जे वाटतं त्यातलं बरंचसं त्यांच्या माणसांनी आपल्याला वाटायला लावलेलं असतं. त्यातून स्वतःबद्दल फार काही हाती लागत नाही. ज्यांना आपण घामाघूम झालेलं, चिडलेलं, चुकलेलं पाहिलंय अशांच्याच बाबतीत हा मार्ग चालतो. तुमचे सर, मॅडम आणि वहिनी तिघं त्यात बसतात. आनंदीबाई अपवाद, पण ते भाषण तुम्ही घोकून स्टेजवर म्हटलेलं आहे, तेव्हा त्यांना सूट देऊ.

आता तुमच्या ताजा कलमाकडे येते. पत्र संपलं, सही झाली, आणि खाली बारीक अक्षरात: "ऑफिसात मार्चचं एक बिल एप्रिलमध्ये टाका असं वरून सांगितलं. मी काही बोलले नाही. रात्री पोट दुखलं. ते जाऊ दे."

ते कसं जाऊ द्यायचं? मला तर हे सबंध पत्र त्या चार वाक्यांसाठीच लिहिलंय असं वाटतं. मार्चचा खर्च मार्चमध्ये धरायचा, बिल आलेलं नसेल तर तरतूद करायची, हे अकाउंट्समधल्या नव्या पोरालाही ठाऊक असतं. तुम्ही मूग गिळून बसलात आणि त्याच्या पुढच्या रविवारी राम मारुती रोडवर जाऊन आणखी एक हातमागाची साडी घेतलीत. (तारखा तुम्हीच दिल्या आहेत, मी फक्त शेजारी शेजारी ठेवल्या.) साडीचं बरं असतं. पैसे दिले की अंगावर येते, कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. वहिनींचं जे खरोखर हवं आहे ते महाग आहे, म्हणून आपण त्यांचं स्वस्तातलं घरी आणतो.

त्यातला आणखी एक आडमार्ग सांगते, कारण तो फार सभ्य दिसतो. "त्या काय बाई, वेगळ्याच आहेत! आपल्याला नाही जमायचं." हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय. ऐकायला नम्र वाटतं, पण माणसाला एकदा मखरात बसवलं की आपल्याला फक्त आरतीला उभं राहायचं उरतं. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातल्या निल्स फान द फेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याच विषयावर काही प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्यापेक्षा सरस विद्यार्थ्याचं ज्यांना नुसतं कौतुक वाटलं त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. ज्यांना थोडं टोचलं, 'हे मलाही यायला हवं' असं वाटलं, त्यांनी अभ्यासाला जास्त वेळ द्यायचं मनावर घेतलं आणि पुढच्या चाचणीत कामही बरं केलं. मात्र ते टोचणं केव्हा होतं, तर आपल्यालाही जमण्यासारखं आहे असं वाटतं तेव्हा. जमणारच नाही असं ठरवलं की उरतं ते कौतुक. तेव्हा वहिनींबद्दल जे वाटतं त्यात थोडा जळफळाट असेल तर असू दे की. समोरच्याचं वाईट व्हावं असं मनात येत नाही ना? मग त्याची लाज कशाला? तुमच्या पत्रातली माझ्या मते सगळ्यात आशादायक ओळ तीच आहे.

वयाचं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात पेनेलोपी लॉकवुड आणि झिवा कुंडा यांनी १९९७ मध्ये छापलेल्या अभ्यासात तुमच्याच शाखेची मुलं होती, अकाउंटिंगची. चौथ्या वर्षातल्या एका अतिहुशार विद्यार्थ्याबद्दलचा मजकूर त्यांना वाचायला दिला. पहिल्या वर्षाच्या मुलांना हुरूप आला. चौथ्या वर्षाच्या मुलांना आला नाही. त्यांच्यातले बरेच जण 'अशी तुलनाच फुकाची' असं म्हणायला लागले. उघड आहे, त्यांच्या हातातून ते गुण, ती बक्षिसं निघून गेली होती. पण तुम्हाला जे भावतं त्याला शेवटचं वर्ष कुठे आहे? आवाज कापत असताना एक प्रश्न विचारणं हे सतरा वर्षांच्या मुलीला जमतं आणि तुमच्या वहिनींना, तुमच्याच अंदाजानं, अठ्ठावन्नाव्या वर्षी. पेटीबद्दल मात्र मी खोटी आशा लावणार नाही. वाजवावीशी वाटत नसेल तर विकून टाका.

लेकीला काय सांगायचं? ती दहावीत आहे, या वयात सगळ्यांना स्वतःचं असं काहीतरी हवं असतं आणि ते बहुधा मैत्रिणीकडून आणलेलं असतं. तिला चिमटा काढायचा असेल तर हे सांगा. पण नुसती नक्कल केली म्हणून माणूस पोकळ ठरत नाही. आपल्या ठाण्याचे पंडित राम मराठे, ज्यांच्या नावानं महापालिका संगीत महोत्सव भरवते, ते काही एका गुरूचे नव्हते. मास्टर कृष्णरावांकडे शिकले, जगन्नाथबुवा पुरोहितांकडे शिकले, आणखीही कितीतरी बुजुर्गांकडून घेत राहिले. म्हणून त्यांचं गाणं उसनं आहे असं कुणी म्हणालं नाही. दोन मिनिटं ऐकलं की रामभाऊ ओळखू यायचे. कित्ता सगळेच गिरवतात. त्यातलं काय अंगी मुरतं आणि काय गळून पडतं, ते बघायचं. केस तुम्ही पुन्हा वाढवलेत. पेटी कोपऱ्यात गेली. अक्षर राहिलं. का राहिलं असेल, यावर लोकलमध्ये ऐरोली येईपर्यंत विचार करा. मला वाटतं, सरांच्या त्या फळ्याशी त्याचा संबंध आहे.

करायचं काय, तर आधी एक कागद घ्या आणि या प्रत्येक माणसाचा एकेक प्रसंग लिहा. गुण लिहू नका. 'धाडसी', 'प्रामाणिक' असं लिहिलंत की निबंध होतो. कोण कुठे उभं होतं, काय बोललं, तुम्हाला नेमकं काय दिसलं, एवढंच. त्याच कागदावर त्या माणसातलं जे बघूनही तुम्ही पुढे सरकलात तेही लिहा. वहिनी कामाला येणाऱ्या मावशींशी तुटक बोलतात, हे तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकलंय. उरकू नका. ते तुम्हाला दिसलं, आवडलं नाही, हीसुद्धा तुमचीच नजर. अवधूतानं कबुतराकडून काय करू नये तेच घेतलं होतं.

मग वहिनींकडे चहाला जा. इतक्या वर्षांत तुम्ही त्यांना साडी कुठून घेतली, क्लास कुणाचा लावू, असलंच विचारलेलं दिसतंय. या खेपेला विचारा की त्या दिवशी उठायच्या आधी काय वाटत होतं. त्या काय सांगतील ते मला माहीत नाही. कदाचित म्हणतील, रात्रभर झोप नव्हती. कदाचित म्हणतील, काही नाही गं, सेक्रेटरीवर जुना राग होता. दुसरं उत्तर आलं तर थोडं वाईट वाटेल, पण मखर खाली उतरेल आणि तुम्हा दोघींना समोरासमोर बसता येईल.

ऑफिसचं बिल एव्हाना जिथे जायचं तिथे गेलं असेल. त्यासाठी राजीनामा वगैरे देऊ नका. घराचे हप्ते, लेकीची पुढची वर्षं डोळ्यासमोर आहेत आणि नोकऱ्या झाडाला लागत नाहीत. पुढच्या वेळी मात्र तोंडी सांगितलेल्या गोष्टीवर एक साधा मेल टाका: "हे बिल मार्चच्या कामाचं दिसतंय. एप्रिलमध्ये घ्यायचं असेल तर तसं कळवावं." आरोप नाही, भाषण नाही. असा मेल आला की तोंडी आदेश देणारे बऱ्याचदा स्वतःच दोन पावलं मागे घेतात. घेतले नाहीत तरी तुमचं म्हणणं लेखी राहतं, आणि पुढे ऑडिटमध्ये विचारणा झाली तर ते कामी येतं.

तोवर सरावाला सोसायटी आहेच. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी लागते. नोटीस लागली की ताळेबंदाची प्रत मागून घ्या. त्यात काय बघायचं हे अकाउंट्समध्ये उभी हयात घातलेल्या बाईला मी काय सांगणार? एकच प्रश्न काढा, कागदावर लिहून न्या, हात थरथरला तर थरथरू द्या. आणि मी विचारणार आहे असं वहिनींना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर त्याच उठायच्या.